काम क्रमांक नऊ : इतर

३ फेब्रुवारी, सोमवार

आता पाव-पाव तास लिहून ठेवायचा! व्यवस्थापनातली इस्क्रा सकाळी स्वतःच आमच्या खोलीत उगवली. पूर्वी इथे वॉर्डाच्या चादरी ठेवत, आता औषधचाचण्यांची कपाटं आणि आम्ही दोघी. एक गठ्ठा मला दिला, एक झ्लातकाताईला. दिवसाला एक तक्ता, पाव तासाला एक ओळ. ओळीत काय लिहायचं — काम कोणतं, त्याचा क्रमांक काय, कोणी केलं, आणि ते करताना आपण कोण होतो : नर्स, समन्वयक की नोंदनीस. कामं एक ते नऊ. एक म्हणजे तपासणी, दोन म्हणजे रक्त घेणं, तीन नमुने पाठवणं, असं करत आठपर्यंत. नऊ म्हणजे 'इतर'.

"किती दिवस हे?" मी विचारलं.

"चारच आठवडे. मग कळेल इथे किती माणसं लागतात ते," ती म्हणाली. अगदी गोड आवाजात.

म्हणजे दोघींतली एक जाणार. झ्लातकाताईने गठ्ठा खिडकीत ठेवला आणि त्यावर आपला लिंडनच्या फुलांच्या चहाचा पेला. मग फोन उचलला आणि कुणाला तरी विचारू लागली की पायाची सूज उतरली का.

४ फेब्रुवारी

एका दिवसात एकवीस वेळा 'आपण कोण' बदललं. तक्ता भरण्यात गेलेला वेळ कुठे लिहायचा, हे विचारायला इस्क्राला फोन केला. म्हणाली, नऊ.

६ फेब्रुवारी, गुरुवार

झ्लातकाताईचे तक्ते पाहिले आणि कपाळावर हात मारून घेतला. सोमवारपासून रोज सकाळी आठपासून चारपर्यंत एक सरळ उभी रेघ. रेघेच्या टोकाला एक नऊ. खाली सही.

"ताई, असं कसं? काहीतरी लिही ना."

"काय लिहू? यादीत माझं काम नाहीये."

खरंच नाहीये. कागदोपत्री ती नोंदनीस. पण संगणकाला ती हात लावत नाही, ते मीच करते. ती फोन करते. चाचणीतल्या एकतीस म्हाताऱ्यांना. कुणाची सून भांडली, कुणाचा कुत्रा मेला, कुणाला गोळ्या घेऊन मळमळतं. ठरल्या दिवशी त्यांना इथे आणणं हे तिचं काम. उपाशीपोटी रक्त देऊन झालं की पर्समधून पाव आणि चीज काढून त्यांच्या हातात ठेवते. मग ते अर्धा तास तिच्यासमोर बसून बोलतात. मी तेवढ्यात नळ्या फिरवते, नावं चिकटवते, कुरियरवाल्याशी भांडते.

एकसष्ट वर्षांची आहे. पेन्शनला अजून सोळा महिने. नवरा नाही, मुलगी स्पेनमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करते. इथून काढलं तर ह्या रूसे शहरात तिला कोण कामावर ठेवणार? मला अडतीसव्या वर्षी कुणीही घेईल. घेईल बहुतेक.

१० फेब्रुवारी

दमले. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

इस्क्राचा फोन. "त्या बाई दिवसभर इतरच करतात का हो?" हसली. हसण्यासारखं होतंच ते. मी पण थोडी हसले, आणि नंतर माझी मलाच लाज वाटली.

शुक्रवारी दिन्कोकाकाची भेट आहे. शहात्तर वर्षांचा, नदीकाठच्या गावातून येतो. हृदय कमजोर. भेट ठरल्या तारखेच्या तीन दिवस अलीकडे-पलीकडे चालते, त्याबाहेर नाही. मागच्या वेळी एक दिवस उशीर केला होता त्याने, एकदा माफ झालं. परत चूक झाली तर चाचणीतूनच बाहेर, गोळ्या बंद. त्या गोळ्या खऱ्या आहेत की नुसत्या साखरेच्या, हे आम्हालाही ठाऊक नाही. पण तो शपथ घेऊन सांगतो की आता टेकडीवरच्या वेलींपर्यंत न थांबता चढतो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आला नाही. येणार कसा, आज संत त्रिफोनचा सण! द्राक्षवेली छाटायच्या, मुळाशी वाइन ओतायची आणि उरलेली स्वतःत. झ्लातकाताईने त्याला चार वेळा फोन केला. पहिले तीन त्याने उचलले नाहीत. चौथ्यांदा उचलला तेव्हा मागे ढोल वाजत होता.

"दिन्को, मी ओरडत नाहीये," ती म्हणत होती. "किती ग्लास झाले? बरं. बकरी व्यायली का? दोन? वा. आता ऐक. उद्या नाही, परवा नाही, सोमवारी सकाळी. रविवारी पाण्याशिवाय काही प्यायचं नाही. मी तुला सकाळी परत उठवते. नाही, डॉक्टर रागावणार नाही. मी रागावेन."

वीस मिनिटं. तक्त्यात तिने लिहिलं, नऊ.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आला! सव्वानऊला, हजामत करून, हातात अर्धा डझन अंडी. शेवटचा दिवस होता. मी प्रेशर घेतलं, रक्त घेतलं, हृदयाचा आलेख काढला. सगळ्यावर माझी सही. दीड तास.

आणि दुपारी एक गोष्ट केली.

झ्लातकाताईचा आजचा तक्ता माझ्यासमोर होता, रेघ अजून मारायची होती. मी तिच्या नावाने लिहिलं : सव्वानऊ ते पावणेअकरा, तपासणी आणि रक्त, नर्स. ती नर्स होतीच की, अठ्ठावीस वर्षं वॉर्डात. माझ्या तक्त्यात त्या वेळात नोंदी तपासल्याचं लिहिलं. मग तिच्यासमोर कागद धरला. तिने चष्मा शोधलासुद्धा नाही. "कुठे करू?" म्हणाली, आणि सही केली.

वाईट वाटलं नाही. उलट घरी येताना पाय हलके होते.

२१ फेब्रुवारी

आतापर्यंत सात ठिकाणी. आठवड्याला दहा-बारा तास तिच्या पदरात घालते. माझ्याकडे पुष्कळ आहेत. तिला काही माहीत नाही. आज विचारत होती, "अलीकडे माझा कागद तूच का भरतेस?" म्हटलं, तुझं अक्षर इस्क्राला लागत नाही. "बरं झालं," म्हणाली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

गठ्ठे देऊन टाकले. एकूण अकरा ठिकाणी. इस्क्राने चाळून पाहिले. "त्या बाई बऱ्याच कामाला लागलेल्या दिसतात." मी म्हटलं, हळूहळू सवय होते. चार आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर झोपेन असं वाटतंय.

४ मार्च, मंगळवार

काय लिहू.

चाचणीवाल्या कंपनीची तपासनीस आली होती, मिलेना. दर दोन महिन्यांनी येते, प्रत्येक कागद बोटाने ओळ-ओळ वाचते. इस्क्राला कुठून बुद्धी सुचली — आमचे तक्ते तिच्यासमोर नेऊन ठेवले. बघा, आमच्याकडे पाव-पाव तासाची नोंद आहे!

दुपारी मिलेनाने मला बोलावलं. दार लावून घेतलं. समोर दोन कागद. एक दिन्कोकाकाचा, सतरा तारखेचा, सगळीकडे माझी सही. दुसरा झ्लातकाताईचा तक्ता, तोच दिवस, तीच वेळ.

"सुई एकच होती," ती म्हणाली. "धरली कोणी? कोणी काय करायचं त्या यादीत ह्या बाईंना रक्त घ्यायची परवानगी नाही. त्यांनी घेतलं असेल तर ही भेट बाद. ह्या काकांची ही दुसरी चूक होईल."

"मी घेतलं."

"ते मला दिसतंय." तिने तक्त्यातल्या 'कोणी केलं' या रकान्यावर बोट ठेवलं.

तिथे आधी माझी आद्याक्षरं होती. सवयीने पडली असणार. त्यांवर एक रेघ, एकच, खालचं वाचता येईल अशी. शेजारी झ्लातकाताईची आद्याक्षरं. आणि त्या शेजारी, बारीक अक्षरात, निळ्या शाईत, तारीख आणि माझी सही! खोडलं की एकच रेघ, तारीख, सही — खोडून झाकायचं नाही, पांढरी शाई नाही, नवा कागद नाही. बारा वर्षं हेच केलं, नव्या मुलींना हेच शिकवलं. दुसऱ्या कोणत्याही ऑफिसातल्या बाईने कागद फाडून दुसरा लिहिला असता. मी खोटेपणा केला आणि नियमाप्रमाणे त्याच्यावर सही केली. केल्याचं आठवतसुद्धा नाही.

"इतकी नीटनेटकी लबाडी मी पाहिली नव्हती," मिलेना म्हणाली. हसली नाही. "शुक्रवारपर्यंत लेखी द्या. दोन्हींतला कोणता कागद खोटा, आणि का. सगळ्या ओळी."

तक्ता खरा म्हटला तर झ्लातकाताईचे तास वाचतात, पण दिन्कोकाका जातो, आणि परवानगी नसताना सुई धरली म्हणून तीही जाते. तक्ता खोटा म्हटला तर तिच्याकडे नुसती रेघ उरते. वर खोट्या कागदांवर तिची सही आहे. माझ्या शहाणपणाने तिला दोन्ही बाजूंनी बांधून ठेवलंय.

५ मार्च, बुधवार

सांगितलं तिला. जेवणाच्या सुट्टीत, ती घेवड्याचं सूप खात होती. मी सगळं एका दमात बोलले. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा माझे गाल ओढेल आणि म्हणेल, वेडे, माझ्यासाठी केलंस. खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट पाहत होते.

तिने चमचा ठेवला.

"म्हणजे बारा वर्षं माझ्यासमोर बसून तुला वाटत होतं की ही बाई काही करत नाही."

"तसं नाही ताई. त्या लोकांना दिसावं म्हणून—"

"तसंच आहे. नाहीतर माझं काम लिहिलं असतंस. तुझं कशाला उसनं दिलंस?"

 

"यादीत नव्हतं," मी म्हटलं.

"यादी ती इस्क्रा करते, वेने. तिला माहीत नाही म्हणून समजू शकते मी. तू तर इथेच बसतेस." मग बरणीवर झाकण लावलं. अर्धं सूप तसंच. "आणि सही माझी आहे, न वाचता केलेली. मूर्खपणा माझाही आहे, तो तुझ्या नावावर घालू नकोस."

दुपारभर फोनवर बोलत होती, नेहमीसारखी. कुणाला तरी सांगत होती की मोज्यांचं रबर घट्ट असेल तर कात्रीने कापून टाक.

७ मार्च, शुक्रवार

लेखी दिलं. तक्ता खोटा, अकरा नोंदी, सगळ्या मी लिहिल्या, झ्लातकाताईला माहीत नव्हतं. दिन्कोकाकाची भेट खरी. मिलेनाने वाचलं, मान डोलावली, काका चाचणीत राहिला. एवढं तरी झालं.

चाचणी ज्याच्या हाताखाली चालते त्या गेन्चेव डॉक्टरने बोलावून घेतलं. "इतकी हुशार बाई तू, आणि हे?"  तो असाच, रागावायलासुद्धा त्याला वेळ नसतो.

झ्लातकाताईने तिचे तक्ते नव्याने भरून दिले. तीन दिवस बसून, आठवून आठवून, टेलिफोनच्या वहीत बघून. मी एक पान वाचलं. 'नऊ वाजून दहा ते साडेनऊ, दिन्को. बकरी व्यायली का विचारलं. दोन पिल्लं. मग सोमवारी येतो म्हणाला.' 'पावणेअकरा, येलेना आजी. गोळ्या खिडकीतून टाकते असं कबूल केलं. का ते ऐकून घेतलं. आता टाकणार नाही.' अशी वीस पानं.

इस्क्राने सगळ्याला नऊ दिला. आणि महिला दिन उद्या, सुट्टीचा, म्हणून आजच आम्हा दोघींना एकेक हायसिंथचं फुलझाड दिलं, कुंडीतलं. झ्लातकाताईने तिला धन्यवादही म्हटलं. मला ते जमलं नाही.

११ मार्च

आज मला चहा दिला तिने. बोलली नाही, पण पेला माझ्या टेबलावर ठेवला. मी नमुन्यांच्या फ्रीजचं तापमान लिहायला उठून गेले.

२० मार्च, गुरुवार

पत्र आलं. 'समन्वयक — जागा आवश्यक. नोंदनीस — जागा रद्द.' मला खोट्या नोंदींबद्दल लेखी ताकीद, आणि त्याच पत्राखाली माझी जागा पक्की. कारण त्या अकरा नोंदी माझ्याकडे परत आल्या आणि माझे तास भरून वाहू लागले. इस्क्रा म्हणाली, "आकडेच बोलतात." तिची काही चूक नाही, तिने आकड्यांची बेरीज केली.

मी गेन्चेव डॉक्टरला म्हटलं, मीच जाते, तिला ठेवा. "तिला रक्त घ्यायची परवानगी नाही, संगणक येत नाही. चाचणी कोण चालवेल?" तो म्हणाला. बरोबर आहे. मी विचारून मोकळी झाले, एवढंच. तो नाही म्हणणार हे मला आत कुठेतरी माहीत होतं.

३ एप्रिल

दोन आठवडे राहिले तिचे. मी म्हटलं, पेशंटना सांगायला हवं की तू जाणार. म्हणाली, "मी सांगेन माझं मी." कुणाला काय सांगितलं कोण जाणे, एकानेही मला काही विचारलं नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

शेवटचा दिवस. उद्यापासून ईस्टरची सुट्टी. घरचा गोड पाव आणि लाल अंडी घेऊन आली, वॉर्डात सगळ्यांना वाटली, इस्क्रालासुद्धा. ड्रॉवर रिकामा केला — चष्म्याचं घर, विणायच्या सुया, टेलिफोनची वही. मी म्हटलं, वही इथे राहू दे, लागेल मला. "नंबर सगळे संगणकात आहेत तुझ्या," म्हणाली. "ही माझी आहे." पिशवीत टाकली.

दारात थांबली. मी माफी मागितली, परत एकदा. तिने माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं.

"जेवत जा वेळेवर," एवढंच म्हणाली.

मी खाली बसथांब्यापर्यंत पिशवी घेऊन गेले. बस लगेच आली.

२५ एप्रिल

तिच्या खुर्चीवर फायली ठेवल्या. मग उचलल्या.

२९ एप्रिल, मंगळवार

मला भीती होती की कुणी येणार नाही. आठवडाभर रोज ठरवत होते, फोन करायचे. वेळ कुठे मिळतो? शेवटी घाईघाईत दोघांना केले. दोघंही म्हणाले, हो हो, माहीत आहे, येतोय. आणि आज ज्यांच्या भेटी होत्या ते सहाच्या सहा आले, वेळेवर, उपाशीपोटी. येलेना आजीने गोळ्यांची रिकामी पाकिटंही आणली होती, एकही गोळी शिल्लक नाही.

इस्क्रा दारात उभी राहून बघत होती. "दिसलं ना? उगाच घाबरलात तुम्ही."

मी नळ्यांवर नावं चिकटवत राहिले. मनात मात्र आलं, हिचं खरंच असेल तर? दोघींची गरज कधी नव्हतीच आणि आम्ही नुसत्या सोबतीला बसत होतो बारा वर्षं? हे मनात आलं आणि थोडं बरं वाटलं. म्हणजे माझ्यामुळे काही बिघडलं नाही. हे कुणाला सांगणार नाही, इथेच लिहितेय.

८ मे, गुरुवार

दिन्कोकाका आला, सव्वानऊला. मी दंडाला पट्टा बांधत होते. रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाला, "आज तिची रजा, नाही का? सांगितलं होतं तिने."

"कधी?"

"ह्या सोमवारी, फोनवर. दर सोमवारी करते की. तिला सांग पोरी, साडेसहाला नको, सातला करत जा. साडेसहाला मी बकऱ्यांपाशी असतो, धावत यावं लागतं. आणि इतक्या सकाळी कामावर येत जाऊ नकोस म्हणावं, ह्या वयात."

"कामावर?"

"ऑफिसातूनच बोलतेय म्हणते."